काचेपलीकडची कणीक

नागपुरात चायनीज खाऊन आलेल्या माणसाला कसं होतं विचारा. तो सॉसचं सांगेल, तिखटाचं सांगेल, फार तर क्वांटिटीचं सांगेल. नूडल्सबद्दल कोणी बोलत नाही. बोलण्यासारखं त्यात काही उरलेलंही नसतं म्हणा. गाडी असो की एसी हॉल, नूडल्स दुपारीच उकडून, तेलाचा हात लावून परातीत पसरून ठेवलेल्या असतात. ऑर्डर आली की मूठभर कढईत पडतात. वर कोबी, ढोबळी मिरची, सोया सॉस, व्हिनेगर, लाल चटणी आणि भट्टीचा असा भडका की गिऱ्हाईक तिथेच खूश. मी या चवीवरच वाढलो आहे, तिला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. कोलकात्याच्या तांगरा भागात चामड्याचे कारखाने चालवणाऱ्या हक्का चिनी कुटुंबांनी इथल्या जिभेला रुचेल असं जे रांधलं, त्यातून हे सगळं वाढत गेलं. मंचुरियन तर मुंबईचं; 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. ते चीनमध्ये शोधत बसू नये. फक्त या सगळ्यात नूडल्स म्हणजे भाड्याचं तट्टू. सॉस वाहून न्यायचा, एवढंच त्याचं काम.

म्हणून धरमपेठेत एके ठिकाणी हाताने ओढलेल्या नूडल्स मिळतात असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं, तेव्हा कान टवकारले. रोज नाही, फक्त शनिवार-रविवारी संध्याकाळी, आणि मळलेली कणीक संपली की संपलं. बाकीचे दिवस तिथेही नेहमीचंच हक्का आणि ट्रिपल राइस. नेमकी त्याच आठवड्यात भिवापूरची आत्या डोळे दाखवायला आली होती. लेकीने तिलाही ओढलं. "आत्याआजी, तू पण चल, तिथे शेवया करतात." हे तिने नुसतं आमिष म्हणून सांगितलं होतं.

आत्याचं चायनीजशी वैर नाही. उमरेडला बसस्टँडजवळ तिने मंचुरियन खाल्लेलं आहे आणि "कोबीचे भजे, पण रश्शात" असा निकालही देऊन टाकलेला आहे. पण तिची खरी ओळख सांगायची तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, ती भिवापूरची, म्हणजे मिरचीच्या गावची. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि आत्याला तर मिरची मुठीत दाबून तिचा ओलावा सांगता येतो. दोन, उन्हाळ्यात गल्लीभर शेवया व्हायच्या तेव्हा तिच्या पाटाभोवती बाया जमायच्या. बन्सी गव्हाची सोजी, मिठाचं पाणी, कुटून कुटून मऊ केलेली कणीक, उतरता पाट, तळहाताखालून सुटणारी तार आणि ती अलगद धरून काठीवर टाकणारी समोरची बाई. लहानपणी ती काठी उन्हात नेऊन ठेवण्याचं काम आम्हा पोरांकडे असायचं. तार तुटली की ओरडा काठी नेणाऱ्याला.

संक्रांतीनंतरचा शनिवार. हवेत गारवा होता, आणि रश्शातल्या नूडल्स खायला नागपुरात याहून चांगला काळ नाही. मे महिन्यात वाफाळता वाडगा पुढ्यात घेणाऱ्याला मी हात जोडीन. सुभाषनगरहून मेट्रोने शंकरनगर चौक, तिथून चालत. हॉटेल म्हणजे जुन्या बंगल्याचं गॅरेज आणि त्याला जोडलेला पत्र्याचा मांडव. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, दाराशी वही घेऊन एक पोरगा. नाव लिहायचं, मोबाइल नंबर द्यायचा, बोलावेपर्यंत थांबायचं. "आत्ता पंधरा मिनिटांत होऊन जाते, भाऊ," म्हणाला. पंधराची चाळीस झाली. त्या वेळात मांडवाखालच्या लोकांनी आपापसात कोण आधी आलं यावरून दोनदा वाद घातला.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो. अशा ठिकाणी एसीखालचं टेबल मागू नका, स्वयंपाकघराच्या काचेजवळचं मागा. आम्हाला तेच मिळालं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. काचेतून उष्णता येते, भांड्यांचा खणखणाट येतो. पण पुढचा तास-सव्वा तास आत्या खुर्चीवर टेकली ती नावालाच.

मेनू दोन पानी. पहिल्या पानावर ओळखीची सगळी मंडळी. मागच्या पानावर फक्त चार ओळी: चिकनच्या रश्शातल्या ओढलेल्या नूडल्स, मशरूम आणि मुळ्याच्या शाकाहारी रश्शातल्या, तिखट तेलातल्या कोरड्या, आणि सिच्वान (चीनचा प्रांत, आपण ज्याला शेजवान म्हणतो तो) मिरीच्या. किमती अडीचशेच्या आगेमागे. खाली एक चौकट: बारीक, मध्यम, पट्टी. म्हणजे तार किती जाड हवी ते गिऱ्हाइकाने सांगायचं. पीत नदीकाठच्या लानझौ शहरात ही निवड केसासारख्या बारीक तारेपासून पट्ट्याएवढ्या रुंद पट्टीपर्यंत असते, आणि नेहमीचा माणूस काउंटरवर पैसे देताना तोंडाने तेवढंच सांगतो. आज जगभर जे लानझौचे नूडल्स म्हणून माहीत आहेत, त्यांचं श्रेय तिथल्या हुई मुस्लिम समाजातल्या मा बाओझी यांना दिलं जातं, साल 1915. त्या वाडग्याची एक मोजणी तिकडे पाठ असते: एक निवळ, दोन पांढरं, तीन लाल, चार हिरवं, पाच पिवळं. निवळ तो रस्सा, पांढरा मुळा, लाल तिखट तेल, हिरवी कोथिंबीर आणि लसणाची पात, पिवळ्या नूडल्स. तिकडे रस्सा बीफचा. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. इथे चिकनच्या हाडांचा होता.

मी चिकनचा मध्यम सांगितला, आत्याने शाकाहारी बारीक (शनिवार होता), लेकीने सिच्वानची पट्टी. वेटर म्हणाला, "सूप वन बाय टू?" मी म्हटलं, बाबा, हेच सूप आहे. त्याला रोज दहा वेळा हे ऐकावं लागत असणार.

आणि मग काचेपलीकडे काम सुरू झालं.

कालिम्पोंगकडचा तिशीतला पोरगा. ओट्यावर ओल्या फडक्याखाली कणकेची लांब लादी. तिच्यातून त्याने हातभर तुकडा कापला, दोन्ही टोकं धरली, ओट्यावर आपटला, उचलला, मधे दुमडून त्याला पीळ दिला, पुन्हा आपटला. आवाज असा की शेजारच्या टेबलावरचं बाळ दचकलं. हे दहा-बारा वेळा झालं. कणीक सुरुवातीला अडत होती, ताणली की आखडून परत येत होती. मग हळूहळू ती ऐकायला लागली.

"हे काय करून राहिला?" लेकीने विचारलं.

"तार एका दिशेले लावून राहिला," आत्या काचेवरची नजर न काढता म्हणाली. "आतून गुंता असला तं मधातच तुटते."

मी ग्लुटेनबद्दल वाचलेलं आठवत होतो आणि ते सांगावं की नाही या विचारात होतो. गव्हात दोन प्रथिनं असतात. पाणी लागून मळलं की ती एकमेकांत गुंफून जाळं होतं. मळल्याबरोबर ते आवळलेलं असतं, झाकून ठेवलं की सैल पडतं. आपटून, पीळ देऊन, दुमडून ते जाळं लांबीच्या दिशेने लागतं. आत्याने एका वाक्यात संपवलेलं होतं. मी पाणी प्यालो.

पुढचा भाग डोळ्याला गंमत वाटणारा, मोबाइल वर काढून चित्रण करण्याचा. पोराने तुकडा कोरड्या मैद्यात लोळवला, दोन्ही हात पसरून ओढला, मधोमध दुमडला, टोकं एका हातात घेतली, दुसऱ्या हाताची बोटं दुमडलेल्या जागी घातली, पुन्हा ओढला. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आठ, सोळा. सात वेळा दुमडलं की 128 तारा, आठ वेळा केलं की 256. प्रत्येक ओढीनंतर तारांचा झोत ओट्यावर हलका आपटायचा, म्हणजे त्या एकमेकींपासून सुटतात आणि जास्तीचा मैदा झडतो. आत्याची बारीक होती म्हणून तिच्या तुकड्याला एक दुमड जास्त. शेवटी मुठीत उरलेला जाड गोळा त्याने चिमटून काढला आणि लादीकडे भिरकावला. आत्याने मान हलवली. "ते टोक कामाचं नाही. आमच्याकडे ते पोट्ट्याईले द्याचे खेळाले."

पट्टीचं तंत्र वेगळं. तिथे आधी लाटून चपटं करायचं, मग ओढायचं, दुमडी कमी. लेकीच्या वाट्याला बोटभर रुंद पट्ट्या आल्या.

लगेच उकळत्या पाण्यात. भांडं मोठं, पाणी भरपूर. हेही पाहून ठेवा: पाणी जर पांढरं, दाटसर दिसलं, तर ते खूप वेळ बदललेलं नाही, आणि त्यात उकडलेली तार चिकट होणार. इथे पाणी निवळ होतं. बारीक तारा मिनिटभरही आत राहिल्या नाहीत; लांब चॉपस्टिकने एकदा फिरवल्या, जाळीत उचलल्या, झटकल्या, वाडग्यात. वरून गरम रस्सा. पट्टीला जास्त वेळ लागला.

वाडगा टेबलावर आला तसं आत्याने पहिल्यांदा वास घेतला, मग चमच्याने वरचं लाल तेल बाजूला केलं, खालचा रस्सा पाहिला. "तर्री चांगली आहे," म्हणाली. नागपूरकराला या बाबतीत कोणाची शिकवणी नको. तर्री पोह्यावर वाढलेला माणूस वाडग्यावरचं तेल पाहूनच पुढचं ओळखतो. पण आत्याचं तिथेच थांबत नाही. तिने तेलाचा थेंब जिभेवर ठेवला. "मिरची जळली नाही. तेल उतरवून टाकलं यानं."

बरोबर होतं. नंतर त्या पोरानेच सांगितलं. तेलात आलं, कांदा, चक्रीफूल, दालचिनी टाकून मंद तापवायचं, ते सगळं करपायच्या आत काढून घ्यायचं, तेल जरा उतरू द्यायचं आणि जाडसर कुटलेल्या मिरचीवर एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत ओतायचं. पहिला हप्ता जास्त गरम, त्याने वास येतो. पुढचे कमी गरम, त्यांनी रंग सुटतो. एकदम कडकडीत ओतलं की काळं आणि कडू. मग झाकून रात्रभर ठेवायचं. हे ऐकताना आत्या अशी बसली होती की जणू त्याची तोंडी परीक्षा चालू आहे. शेवटी विचारलं, मिरची कुठली. तो म्हणाला, इतवारीतून आणतो, दोन प्रकार, एक रंगाला एक तिखटाला. कोणत्या प्रकारच्या ते त्याला मराठीत सांगता येईना. आत्याने तिथल्या तिथे भिवापुरीची शिफारस केली. मिरची चीनलाही बाहेरूनच गेली आणि आपल्याकडेही बाहेरूनच आली, दोन्हीकडे सोळाव्या शतकात, अमेरिका खंडातून. पण हे आत्यापुढे बोलायची माझी छाती नाही.

खाण्याचं सांगतो. चॉपस्टिक मागितल्या तर मिळतात, न मागता काटा येतो. लेकीला जमतात, मला जेमतेम, आत्याने काटाही बाजूला ठेवून चमचा आणि बोटं वापरली. कोणी वळून पाहिलं नाही. चॉपस्टिकच्या बाबतीत पाळायचं एवढंच की त्या भातात उभ्या रोवून ठेवू नयेत. मृताच्या नावाने उदबत्त्या तशा लावतात. बाकी सुर्र करून ओढायला चीनमध्ये हरकत नसते, उलट तारेबरोबर रस्सा आणि हवा दोन्ही तोंडात येतात म्हणून तसंच खायचं असतं. आमच्या टेबलावर हा नियम आत्याने सर्वांत मनापासून पाळला. वाढदिवसाला तिकडे लांब नूडल्स खातात, आयुष्य लांब व्हावं म्हणून, आणि तार दाताने तोडायची नाही. लेक म्हणाली, "मग माझं आयुष्य पट्टीसारखं रुंद होईल का?" तिला उत्तर मिळालं नाही.

पण वेळ पाळा, हे मात्र खरं. ताजी तार रश्शात पाच-सात मिनिटं चांगली असते. मग ती रस्सा पिऊन फुगते. पलीकडच्या टेबलावर चार मित्रांनी वाडगे आल्यावर आधी फोटो, मग एकाचा व्हिडिओ कॉल, मग "थंड होऊ दे बे." खायला लागले तेव्हा खळ. आणि वेटरला म्हणाले, "काय बे, गिच्चा होऊन राहिला." त्या पोराने काय करावं?

रश्शाबद्दल माझं मत आत्याहून थोडं वेगळं. चव छान, हाडांचा गोडवा होता, आल्याचा आणि पांढऱ्या मिरीचा मागून येणारा उष्मा होता. पण मीठ जास्त. आपल्या लोकांना निवळ रस्सा म्हणजे पाणी वाटतं आणि "फिक्कं आहे" अशी तक्रार येते, म्हणून बहुधा वाढवलं असावं. वर टेबलावर सोया सॉस आणि हिरव्या मिरचीचं व्हिनेगर ठेवलेलंच होतं. शेजारच्याने चाखायच्या आधीच दोन्ही ओतले. त्याच माणसाने ऑर्डर देताना दोनदा बजावलं होतं, "अजिनोमोटो टाकाचा नाही." 1968 साली एका डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते असं, आणि तेव्हापासून ही भीती जगभर फिरते आहे, नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत ती नीट सिद्ध झाली नाही. अजिनोमोटोतलं ग्लुटामेट 1908 मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून वेगळं काढलं होतं, आणि ते पिकलेल्या टोमॅटोतही असतं. सोया सॉसमध्ये तर भरपूर. शेजारी तो सॉस बेधडक ओतत होता. मी काही बोललो नाही, त्याचं जेवण त्याचं.

लेकीचा सिच्वानचा वाडगा वेगळाच निघाला. तिला बाटलीतल्या शेजवान चटणीची सवय, लाल, लसूणवाली, आंबटगोड. इथे पट्ट्यांवर तिखट तेलाबरोबर कुटलेली तपकिरी मिरी होती. दोन घासांनंतर ती थांबली, ओठांना हात लावला. "बाबा, ओठ थरथरतायत." ही मिरीच नाही खरं म्हणजे, आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातली. बांगड्याच्या आमटीत तिरफळ खाल्लेल्याला जिभेवरच्या या मुंग्या ओळखीच्या वाटतील, विदर्भातल्या माणसाला नवीन. लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये मोजलं होतं, ओठावर जाणवणारी ती थरथर सेकंदाला साधारण 50 कंपनांची असते. जी चटणी आपण शेजवान म्हणून समोशाबरोबर आणि डोशात खातो, तिच्यात ही मिरी जवळजवळ कधीच नसते. लेकीने वाडगा संपवला, पण पुन्हा घेणार का विचारल्यावर "बघू" म्हणाली. पट्टी मात्र तिघांनाही आवडली. जाड असल्याने चावायला काहीतरी लागतं, आणि तेल तिच्यावर बसतं. कोरडा प्रकार घ्यायचा तर पट्टी, रश्शातला घ्यायचा तर मध्यम किंवा बारीक, असं माझं मत झालं.

गर्दी ओसरली तेव्हा आत्या उठून सरळ काचेच्या बाजूच्या दाराशी गेली. मी मागे. तिला एकच शंका होती. "हळद तं टाकली नाही, मग पिवळ्या कशा?" मालक काउंटरवरून पाहत होता, हसला, पोराला हाक मारली. पोराने फडताळातून एक बरणी काढली, पांढरी भुकटी. "सोडा है माँजी, भूना हुआ." खायचा सोडा तो ओव्हनमध्ये तासभर चांगला तापवतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि मागे जास्त तीव्र क्षार, धुण्याच्या सोड्याचा भाईबंद, उरतो. चीनच्या लानझौकडच्या वाळवंटी भागात एक झुडूप जाळून त्याची राख वापरायचे, इथे हा उपाय. क्षारामुळे कणकेची वीण घट्ट होते, तार उकळत्या पाण्यात गिजगिजीत होत नाही, आणि मैद्यातलीच काही बिनरंगी द्रव्यं पिवळी दिसायला लागतात.

आत्याने चिमूट घेतली, बोटांत चोळली. "पापडखारच आहे म्हणा ना." मग मला म्हणाली, "शेवयाले नाही टाकत आपण."

मी तेवढ्यात मला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगितली. चीनच्या चिंघाय प्रांतात लाजिया नावाच्या ठिकाणी जमिनीखाली पालथा पडलेला एक वाडगा सापडला होता, त्यात चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्स. 2005 मध्ये ते जाहीर झालं. तारा चांगल्या हातभर लांब, आणि तपासणीत निघालं की त्या गव्हाच्या नव्हत्या, राळ्यासारख्या भरड धान्याच्या होत्या.

"राळ्याच्या?" आत्याचा चेहरा असा की मी तिला फसवतोय. "राळा ताणते कुठं? त्याच्यात चिकी नाही. सोऱ्यातून पाडल्या असतीन."

संशोधकांनाही हीच अडचण आली होती. राळ्याच्या पिठाला ओढून तार येत नाही, तर लोकांनी त्या ओढल्या कशा? पुढे त्यांच्यातल्याच काहींनी पीठ साच्यातून दाबून तशा नूडल्स पाडून दाखवल्या. हे मी आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात शोधाचं काय हाये?"

पोराला तिने एक सल्लाही दिला. थंडीत कणीक मळायला कोमट पाणी घे, फडकं वरच्यावर ओलं कर, आणि ओट्याचा दगड गार पडू देऊ नको. तो म्हणाला, पाणी कोमटच घेतो, पण दगडाचं खरं आहे, संध्याकाळी पहिले दोन-तीन तुकडे तुटतात. मी ते पाहिलंही होतं. आमच्या आधीच्या ऑर्डरचा एक झोत मधूनच सुटला होता आणि त्याने तो चुपचाप परत लादीत मिसळला होता. त्याने विचारलं, तुम्ही शेवया वाळवता, मग तुटत नाहीत? आत्याने मग सावली, वारा, काठीचं अंतर असं जे सुरू केलं, त्याला मालकाने चहा पाठवला. गिऱ्हाइकाला असा चहा चायनीजच्या हॉटेलात मिळतो हे मला नवीन होतं. आल्याचा, आपला नेहमीचा.

बिल आलं, दिलं. त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला होता, तो काढायला सांगितला, काढला.

आईसाठी पार्सल हवं होतं. रश्शात घालून द्यायला पोराने सपशेल नकार दिला. घरी पोचेपर्यंत लापशी होईल म्हणाला. त्याऐवजी मैद्यात घोळलेल्या कच्च्या तारा सैल वेटोळं करून डब्यात दिल्या आणि रस्सा वेगळा, तेलाची पुडी वेगळी. हे अगदी योग्य. सूपातल्या नूडल्सचं पार्सल जो आनंदाने एकत्र भरून देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. घरी काय करायचं तेही त्याने सांगितलं: मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू द्या, मीठ नको, तारा झटकून सोडा, वर आल्या की पाऊण मिनिटात काढा. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवू नका, चिकटून गोळा होईल.

घरी आलो तर आई जेवून झोपलेली. तारा ठेवता येईनात. रश्शाचा डबा रिक्षात कलंडून पिशवीत सांडला होता, जेमतेम वाटीभर उरलेला. आत्या म्हणाली, थांब. आदल्या दिवशी आईने केलेला सावजी मटणाचा रस्सा फ्रिजमध्ये होता. शनिवार आहे, मी खात नाही, तुम्ही पोटं भरा, म्हणून तिने तो गरम करायला ठेवला आणि स्वतः पातेल्यापाशी उभी राहिली. पाणी उकळल्यावर तारा हाताने सैल करत सोडल्या, घड्याळ पाहिलं नाही, एक तार उचलून नखाने तोडून पाहिली आणि जाळी मागितली.

मी आणि लेक पोट भरलेलं असून खायला बसलो. पहिला घास तोंडात गेला तेव्हा सावजीचा खसखस-खोबऱ्याचा, धण्याचा, काळ्या मसाल्याचा जाडपणा तारांवर नुसता थापला गेला होता. तार जिभेला सापडेचना. लेकीला मात्र भारीच आवडलं, तिने माझ्या ताटलीतलंही ओढलं. आत्या लांबून पाहत होती. तिने चमच्याने रस्सा हलवला, गाळणी आणली, रस्सा गाळला, त्यात वाटीभर उकळतं पाणी घातलं आणि त्या हॉटेलातल्या उरलेल्या रश्शाची वाटी त्यातच रिकामी केली. वरून तेलाची पुडी फोडली. "आता खाऊन पाय."

आता तार लागली. मसाला होता, पण मागे. मी ते सांगितलं तर ती म्हणाली की मीठ पाहा, त्याच्या रश्शात मीठ जास्तच होतं, आता बरोबर झालं असेल. मग सकाळी आईला काय सांगायचं, मटणाचा रस्सा कुठे गेला, यावर आमची चर्चा सुरू झाली.